पेट्रोलमधलं शिसं आणि जुन्या मोटारी

१ फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशात शिसं घातलेलं पेट्रोल विकणं बंद झालं. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या पंपावर त्या दिवशी वेगळं काही दिसण्यासारखं नव्हतं. तीच नळी, तोच मीटर, तोच वास. स्कूटरवाल्यानं नेहमीसारखं दोन लिटर भरलं, पैसे दिले आणि तो कामाला लागला.

कुजबुज सुरू झाली ती गॅरेजमध्ये. ज्यांच्या दारात पेट्रोलवरची जुनी ॲम्बेसेडर, फियाट किंवा विलीज जीप उभी होती, त्यांना मिस्त्री सांगू लागले, "आता पेट्रोलात दम नाही राह्यला, भाऊ. व्हॉल्व्ह बसतीन." काहींनी तर गाडी विकून टाकावी का, असा विचार केला. जुन्या गाड्यांचे शौकीन आजही हा प्रश्न विचारतात. गाडी शिशाच्या जमान्यातली आहे, मग तिला शिसं किंवा शिशासारखं काही बाटलीतून द्यावं का? प्रश्न गाडीचा आहे, पण त्याचं उत्तर शोधायला लागलं की गोष्ट गॅरेजबाहेर फार लांब जाते.

आधी हे शिसं पेट्रोलमध्ये कशासाठी होतं ते पाहू. मे महिन्याचे दिवस आहेत, अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास आहे आणि सहा माणसं, दोन ट्रंका आणि आंब्याची पेटी घेऊन एक ॲम्बेसेडर चिखलदऱ्याचा घाट चढते आहे. चढावर ड्रायव्हर गियर न बदलता ॲक्सिलरेटर दाबतो आणि बॉनेटखालून आवाज येऊ लागतो. पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा. यालाच नॉकिंग म्हणतात. प्लगची ठिणगी पडल्यावर सिलिंडरमधलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका बाजूनं दुसऱ्या बाजूकडं पद्धतशीर जळत जायला हवं. पण उष्णता आणि दाब फार वाढले, की कोपऱ्यात राहिलेलं मिश्रण आपली पाळी येण्याआधीच एकदम पेट घेतं. पिस्टनवर तो हातोडाच बसतो. शक्ती वाया जाते आणि असंच चालू राहिलं तर पिस्टनला भोकसुद्धा पडतं. पेट्रोल हा मार किती सोसू शकतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारी भराभर वाढल्या, तेव्हा कंपन्यांना हेच दुखणं सतावत होतं. इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवावं तर नॉकिंग होतं, न वाढवावं तर ताकद मिळत नाही. जनरल मोटर्सच्या ओहायो राज्यातल्या डेटन इथल्या प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली टॉमस मिजली नावाचा तरुण इंजिनियर यावर औषध शोधत होता. त्यानं दिसेल ते पेट्रोलमध्ये घालून पाहिलं. आयोडीन चाललं, पण महाग होतं. ॲनिलीन चाललं, पण वास असह्य. टेल्युरियमही चाललं, मात्र त्यानं काम करणाऱ्यांच्या अंगाला लसणासारखा असा उग्र दर्प यायचा की घरचे लोक जवळ उभे राहीनात. शेवटी ९ डिसेंबर १९२१ रोजी त्यानं टेट्राइथाइल लेड नावाचा शिशाचा एक द्रव थेंबभर घातला आणि इंजिनाचा खुळखुळाट थांबला. काम अगदी थोड्या प्रमाणात होत होतं आणि स्वस्तात होत होतं.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण तिचा धागा शेवटी आपल्या आजच्या पेट्रोलपर्यंत येतो. नॉकिंगवर शिसं हा एकच उपाय नव्हता. पेट्रोलमध्ये मद्यार्क, म्हणजे अल्कोहोल, मिसळलं तरी ऑक्टेन वाढतं, हे मिजलीला पक्कं ठाऊक होतं. तसं मिश्रण घालून त्यानं गाडी चालवून दाखवली होती. पण मद्यार्क कोणीही शेतकरी धान्यापासून गाळू शकतो. त्यावर एका कंपनीची मालकी सांगता येत नाही आणि लिटरमागं तो भरपूर घालावा लागतो. शिशाच्या द्रवाचं पेटंट घेता येत होतं आणि तो चिमूटभर पुरत होता. व्यापाराच्या हिशेबानं निवड सोपी होती.

फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर हे पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. नाव ठेवलं होतं 'इथाइल'. नावात शिशाचा उल्लेखच नाही. शिसं विषारी आहे हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. रंगारी, छापखान्यातले कामगार, शिशाच्या भट्ट्यांवरची माणसं यांना होणारे आजार वैद्यकाला जुन्या काळापासून ठाऊक होते. खुद्द मिजलीला १९२३ च्या सुरुवातीला शिशाची बाधा झाली आणि मोकळ्या हवेसाठी त्याला फ्लोरिडाला जाऊन राहावं लागलं. तरी काम थांबलं नाही. १९२४ साली जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून इथाइल कॉर्पोरेशन ही कंपनी काढली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात भयंकर प्रकार घडला. हा द्रव तयार करणारे कामगार भ्रमिष्टासारखे वागू लागले. कोणी नसलेल्या शत्रूपासून पळू लागला, कोणाला आवरायला चार माणसं लागली. पाच जणांचा मृत्यू झाला आणि तीसहून अधिक जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. डीपवॉटरच्या दुसऱ्या एका कारखान्यात कामगारांना हवेत किडे आणि पाखरं दिसू लागत. ते बसल्या जागी ती हातानं हाकलत. लोकांनी त्या इमारतीचं नावच फुलपाखरांचं घर असं ठेवलं होतं. न्यूयॉर्क शहरानं या पेट्रोलवर बंदी घातली. तेव्हा मिजलीनं वार्ताहरांना बोलावलं, त्यांच्यासमोर तो द्रव हातावर ओतून हात चोळले, बाटली नाकाशी धरून हुंगली आणि हे रोज केलं तरी काही होत नाही असं सांगितलं. पावणेदोन वर्षांपूर्वी याच द्रवानं आजारी पडलेला माणूस हे बोलत होता.

मे १९२५ मध्ये सरकारनं वॉशिंग्टनला परिषद घेतली. कारखान्यांतल्या विषबाधेच्या मोठ्या जाणकार डॉ. ॲलिस हॅमिल्टन तिथं हजर होत्या. कारखान्यातल्या कामगाराची काळजी घेता येईल, पण हे शिसं रस्त्यारस्त्यावर पसरल्यावर ते कोण आवरणार, असा त्यांचा मुद्दा होता. समिती नेमली गेली. १९२६ साली समितीनं सांगितलं की बंदी घालायला पुरेसा आधार सापडत नाही, पुढं अभ्यास मात्र व्हावा. तो अभ्यास पुढची चाळीस वर्षं मुख्यतः कंपन्यांच्या पैशानं झाला. ज्याचा माल, त्याचाच परीक्षक. शिशाच्या इतिहासात मला सगळ्यात खटकते ती ही गोष्ट. मिजलीनं हात धुतले हे नाट्य झालं, पण खरा अनर्थ झाला तो 'पुरावा नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा लावल्यानं. याच मिजलीनं पुढं फ्रिजमधला फ्रीऑन वायू शोधला आणि त्या जातीच्या वायूंनी ओझोनच्या थराला इजा केली. एकाच माणसाच्या हातून हवेचं इतकं नुकसान झाल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

आता इंजिनात काय घडायचं ते बघा. शिशाचा द्रव जळला की शिशाच्या ऑक्साइडचे बारीक कण तयार होतात आणि ते मिश्रणाला अवेळी पेटू देत नाहीत. काम झालं. पण हे कण इंजिनातच राहिले तर प्लगवर थर चढतो, व्हॉल्व्ह भरतात. इंजिनालाही शिसं अंगावर नको असतं. म्हणून पेट्रोलमध्ये शिशाबरोबर ब्रोमिन आणि क्लोरिनची आणखी दोन रसायनं घालत. ती शिशाला चिकटून त्याची वाफ करत आणि सायलेन्सरमधून बाहेर घालवत. म्हणजे शिसं हवेत जाणं हा अपघात नव्हता. इंजिन स्वच्छ राहावं म्हणून ते मुद्दाम बाहेर काढलं जात होतं.

किती बाहेर पडत होतं? आपल्याकडं १९९४ पूर्वी एका लिटरमध्ये ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालत असे. अकोल्याहून बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावतीला जाऊन परत यायचं म्हणजे साधारण दोनशे किलोमीटर. जुनी ॲम्बेसेडर लिटरला दहा किलोमीटर देते असं धरलं तर वीस लिटर पेट्रोल लागलं. त्यात अकरा ग्रॅमपर्यंत शिसं. त्याचा मोठा भाग धुरावाटे रस्त्याच्या दुतर्फा पडला. आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. चार वर्षांच्या मुलाच्या अंगात सव्वा लिटरच्या आसपास रक्त असतं. डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम ही पातळी त्या काळी काळजीची मानली जायची. ती गाठायला त्या सगळ्या रक्तात एका ग्रॅमचा आठ हजारावा भाग इतकं शिसं पुरतं. जड कण रस्त्याच्या कडेला बसतात, हलके हवेत तरंगतात. मूल जमिनीवर खेळतं, हात तोंडात घालतं आणि त्याचं वाढतं शरीर मोठ्या माणसापेक्षा किती तरी जास्त शिसं शोषून घेतं. शिसं शरीरात शिरताना कॅल्शियमचं सोंग घेतं. हाडांत मुक्काम करतं आणि मेंदूच्या वाढीत बिब्बा घालतं. पोरगं आजारी दिसत नाही, ताप येत नाही. फक्त अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि त्याचं कारण कोणी सायलेन्सरमध्ये शोधत नाही.

वऱ्हाडातलं पेट्रोल जाळत कोण होतं, हेही पाहण्यासारखं आहे. कापसाच्या गाठी वाहणारे ट्रक डिझेलवर, एसटी डिझेलवर, पुढं जीपगाड्याही बहुतेक डिझेलच्याच झाल्या. डिझेलमध्ये शिसं नसतं. त्याचा काळा धूर डोळ्यांना दिसायचा म्हणून आपण त्याला नावं ठेवायचो. शिसं येत होतं ते पेट्रोलच्या धुरातून, आणि पेट्रोल जाळणाऱ्यांत चारचाकी थोड्या, दुचाकी पुष्कळ. बजाजच्या स्कूटर आणि पुण्याच्या कायनेटिकची लूना. शिक्षक, कारकून, दूधवाले, भाजीवाले, सगळ्यांच्या घरी यातलं काही तरी असायचं. गंमत अशी, की ही सगळी टू-स्ट्रोक इंजिनं. मोटारीसारखे व्हॉल्व्ह त्यांना नसतातच. व्हॉल्व्ह वाचवण्यासाठी शिसं हवं, हे कारण वऱ्हाडातल्या बहुसंख्य गाड्यांना लागूच पडत नव्हतं. तरीही पंपावर एकच पेट्रोल, म्हणून सगळ्यांच्या टाकीत तेच जायचं.

गॅरेजमध्ये तर शिशाशी थेट गाठ होती. कार्बोरेटर पेट्रोलमध्ये धुवायचा, ग्रीसचे हात पेट्रोलनंच धुवायचे, एका गाडीतून दुसरीत पेट्रोल काढायचं तर नळी तोंडात धरून ओढायची. एखादा घोट घशाखाली गेला की थुंकून, वर चहा घेऊन काम सुरू. पेट्रोल कसंही असलं तरी तोंडात जाऊ नयेच. पण शिशाचा हा द्रव साध्या शिशासारखा नाही. तो कातडीतूनही आत शिरतो. पंपावर किंवा डब्यावर हे कोणी मराठीत लिहून ठेवलं नव्हतं. हेल्परचं काम करणारी बारा-चौदा वर्षांची पोरं दिवसभर त्यात हात घालून बसलेली असत.

शिशाचा पाया खिळखिळा केला तो मोटारीशी संबंध नसलेल्या एका शास्त्रज्ञानं. क्लेअर पॅटरसन पृथ्वीचं वय काढत होते. १९५० च्या दशकात त्यांनी ते सुमारे साडेचार अब्ज वर्षं असल्याचं दाखवलं. ते मोजताना प्रयोगशाळेत जिकडंतिकडं शिसं सापडून त्यांचे आकडे बिघडत. हे येतं कुठून, याचा शोध घेताना त्यांना कळलं की समुद्राच्या पृष्ठभागावर, ग्रीनलँडच्या अलीकडच्या बर्फात, सगळीकडं माणसानं सोडलेलं शिसं आहे. १९६५ साली त्यांनी हे जाहीरपणे मांडलं आणि उद्योगांचा रोष ओढवून घेतला. १९७९ साली हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले, त्यांतलं शिसं मोजलं आणि दाखवलं की ज्यांच्या दातांत शिसं जास्त, ती मुलं बुद्धिमापनात आणि वर्गातल्या लक्षात मागं पडतात. आपल्याकडं पडलेला दात घराच्या छपरावर फेकतात. त्याच दातानं एवढ्या मोठ्या उद्योगाला उत्तर दिलं, हे मला फार विलक्षण वाटतं.

पण अमेरिकेत शिसं कमी व्हायला १९७५ साली सुरुवात झाली ती मुलांमुळं नव्हे, यंत्रामुळं. धुरातले इतर विषारी वायू कमी करण्यासाठी गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवायचं ठरलं आणि शिशानं ते यंत्र निकामी होतं, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आणावं लागलं. मुलाच्या रक्तापेक्षा यंत्राचं गाऱ्हाणं लवकर ऐकलं गेलं. त्याचा फायदा मात्र मुलांना झाला. १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलमधलं शिसं जसजसं घटलं, तसतसं अमेरिकन लोकांच्या रक्तातलं शिसंही सुमारे ३७ टक्क्यांनी खाली आलं. दोन्ही आलेख एकमेकांचा हात धरून उतरले. यानंतर वाद घालायला फारसं काही उरलं नव्हतं.

भारतात ही लढाई न्यायालयातून झाली. वकील एम. सी. मेहता यांनी वाहनांच्या प्रदूषणाबद्दल १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. जून १९९४ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत शिसं लिटरला ०.१५ ग्रॅमवर आणलं गेलं. एप्रिल १९९५ पासून तिथं शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. बाकी देशात शिसं ०.१५ ग्रॅमवर यायला १९९७ चा जानेवारी उजाडला आणि ते पूर्ण जायला फेब्रुवारी २०००. म्हणजे मुंबईतल्या पंपावर शिसं नसलेलं पेट्रोल मिळू लागलं, तेव्हापासून वऱ्हाडातलं शिसं पुरतं संपेपर्यंत जवळजवळ पाच वर्षं गेली. मोठ्या शहरात गाड्या जास्त, तिथून सुरुवात झाली हे समजण्यासारखं आहे. पण मूर्तिजापूरच्या स्टँडवर शेंगदाणे विकणाऱ्या पोराचा मेंदू मुंबईच्या पोरापेक्षा शिशाला जास्त सोसतो, असं थोडंच आहे?

मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी हवेतलं शिसं आणि मुलांच्या रक्तातलं शिसं ही दोन्ही मोजली आणि त्यांचा वाहतुकीशी असलेला संबंध दाखवला. बंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशननं मोठ्या शहरांत पाहणी केली. १९९९ साली पुढं आलेल्या तिच्या निष्कर्षांत तपासलेल्या बारा वर्षांखालच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलं १० मायक्रोग्रॅमच्या वर होती. या शहरांत वऱ्हाडातलं एकही नव्हतं.

आता मिस्त्रींच्या भाकिताकडं वळू. त्यात तथ्य होतं का? होतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कामावर असताना लाल होईपर्यंत तापतो आणि मिनिटाला हजारभर वेळा आपल्या बैठकीवर, म्हणजे सीटवर, आपटतो. जुन्या बिडाच्या हेडमध्ये ही सीट वेगळी नसते, हेडच्याच बिडात कापलेली असते. ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन याच प्रकारातलं. तापलेले दोन धातू एकमेकांवर आदळले की कणाकणानं चिकटतात आणि सुटताना बिडाचा कण उपटून नेतात. शिशाचा पातळ थर मध्ये गादीसारखा राहायचा, म्हणून हे होत नसे. गादी गेली की सीट झिजते, व्हॉल्व्ह आत आत बसत जातो, टॅपेटची फट कमी होते आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो. मग कॉम्प्रेशन जातं आणि व्हॉल्व्ह जळतो. मिस्त्री म्हणत होते ते हेच.

पण यात एक पोटअट आहे. ही झीज वेगानं होते ती इंजिन सतत जास्त फेऱ्यांवर, तासन् तास पळवलं तर. पन्नास-साठच्या वेगानं, बैलगाड्या आणि म्हशी चुकवत जाणाऱ्या गाडीला तो त्रास फार हळू होतो. शिवाय वर्षानुवर्षांच्या शिशाचा थर सीटवर आधीच बसलेला असतो, तो काही हजार किलोमीटर साथ देतो. ज्या इंजिनांचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्यांत कठीण धातूची वेगळी सीट ठोकून बसवावीच लागते, तिथं शिसं असलं काय नि नसलं काय. १९९० च्या दशकात ॲम्बेसेडरला इसुझूचं १८०० सीसी इंजिन आलं, तिथं हा जुना प्रश्न मागं पडला. उलट शिसं गेल्याचे फायदेच झाले. प्लग जास्त दिवस स्वच्छ राहू लागले, तेल लवकर खराब होईना, सायलेन्सर आतून सडायचा तो टिकू लागला.

ब्रिटनमध्ये शिशाच्या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री आपल्या महिनाभर आधीच, १९९९ सरताना थांबली. तिथं जुन्या गाड्यांचं वेड मोठं. म्हणून काही वर्षं पंपांवर शिशाऐवजी दुसरं द्रव्य घातलेलं पेट्रोल मिळायचं आणि जुन्या गाड्यांच्या क्लबांच्या महासंघानं बाजारातल्या बाटल्यांची चाचणीही करून घेतली. या बाटल्यांत पोटॅशियम, सोडियम, फॉस्फरस किंवा मँगेनीजची संयुगं असतात. त्यांतली काही सीटवर शिशासारखा थर धरतात. काम सगळ्यांचं सारखं नसतं आणि एकीत दुसरी मिसळली तर बिघाड होऊ शकतो. गिऱ्हाईक कमी होत गेलं आणि ते पंपावरचं पेट्रोलही पुढं बंद झालं.

आपल्याकडच्या शौकिनानं काय करावं? पहिलं काम म्हणजे गाडीच्या हेडचा इतिहास विचारावा. गेल्या पंचवीस वर्षांत ते एकदा तरी उघडलं असेल, तर लेथवाल्यानं कठीण सीट बसवून दिलेली असण्याची शक्यता चांगली आहे. नसेल, तर टॅपेटची फट ठरलेल्या किलोमीटरला मोजून वहीत लिहावी. ती वारंवार कमी होत असेल तर समजावं की सीट झिजते आहे. मग पुढच्या वेळी हेड उतरवताना खरा उपाय करावा, बिडात खोबण पाडून कठीण पोलादाची सीट ठोकावी. आपल्याकडचे लेथवाले हे काम डोळे मिटून करतात. हा खर्च एकदाच. वर्षातून दोन रॅल्या, एक लग्नाची वरात आणि अधूनमधून रविवारची फेरी एवढंच गाडीचं काम असेल, तर बाटलीचीही गरज नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची विंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी करता येते, पण मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. अशी गाडी व्हॉल्व्ह झिजेपर्यंत पळणार तरी कधी?

एक मोह मात्र कटाक्षानं टाळावा. छोट्या विमानांच्या पिस्टन इंजिनांना लागणारं निळसर रंगाचं पेट्रोल आजही शिशाचंच आहे. त्याला ॲव्हगॅस म्हणतात. ते पूर्वी बाहेरून यायचं, २०२२ साली इंडियन ऑइलनं ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत तयार करून बाजारात आणलं. त्याच्या नावात 'लो लेड' म्हणजे कमी शिसं असा शब्द आहे. पण त्याची मर्यादा लिटरला ०.५६ ग्रॅम आहे, म्हणजे १९९४ पूर्वीच्या आपल्या पेट्रोलचीच. जगात काही शौकीन ते मोटारीत घालतात आणि इंजिन कसं गोड चालतं म्हणून सांगतात. गोड चालतही असेल. ज्या अंगणात गाडी सुरू करून पाच मिनिटं उभी ठेवतात, त्याच अंगणात नातवंडं खेळत असतात. बेलोऱ्याच्या विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये प्रवासी विमानं उडू लागली आणि तिथं वैमानिक घडवणारी मोठी संस्था उभारायचं जाहीर झालं. शिकाऊ विमानांतही आता रॉकेलसारख्या जेट इंधनावर चालणारी पिस्टन इंजिनं मिळतात आणि त्यांना शिसं लागत नाही. तिथं कोणती विमानं उडणार याकडं अमरावतीकरांनी लक्ष ठेवायला हरकत नाही.

मोटारींसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा जगातला शेवटचा देश अल्जीरिया. जुलै २०२१ मध्ये तिथला साठा संपला. डेटनच्या त्या पंपापासून मोजलं तर अठ्ठ्याण्णव वर्षं.

आणि मिजलीनं बाजूला ठेवलेला मद्यार्क? तो परत आला आहे. अकोल्याजवळच्या गायगावच्या डेपोतून पश्चिम विदर्भातल्या पंपांवर टँकर जातात. २०२५ पर्यंत देशभरच्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. हे इथेनॉल ऊस, मका आणि तांदळापासून येतं. ऑक्टेन वाढवायचं जे काम शिसं करत होतं, तेच ते करतं. जुन्या गाड्यांच्या मालकांची गॅरेजमधली कुजबुजही पुन्हा सुरू झाली आहे, या वेळी ॲव्हरेजची आणि रबराची. ती निराधार नाही. इथेनॉलची ऊष्णता पेट्रोलपेक्षा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. जुन्या काळचं रबर त्यात फुगतं, कडक होतं, चिरतं. तेव्हा ॲम्बेसेडर किंवा फियाट बाळगणाऱ्यानं पेट्रोलची नळी, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची वॉशरं इथेनॉल सोसणाऱ्या रबराची बसवून घ्यावीत आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीत पाणी धरणार नाही याची काळजी घ्यावी. नळी बदलायला अर्धा तास लागतो.